ताईच्या पाठीमागचा माणूस

बांधकामावर तिला सगळे ताई म्हणत. वयाने तिच्याहून मोठे असलेले गवंडी ताई म्हणत आणि काल-परवा मिसरूड फुटलेले सुतारही ताईच म्हणत. आता ताई म्हणण्यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. काहीच वाईट नाही. चांगलाच शब्द आहे, मायेचा आहे. पण मला विचाराल तर त्यात एक मेख आहे. साहेब म्हटलेल्या माणसाचं ऐकावं लागतं. ताईला नुसतं "हो ताई" म्हटलं तरी भागतं.

तिचं काम होतं क्रेनला इशारे देण्याचं. क्रेनवाला आपल्या केबिनमध्ये बसलेला असतो, त्याला भिंतीपलीकडचं काही दिसत नाही. सळ्यांचा भारा हवेतून कुठे चाललाय, खाली कोण उभं आहे, नेमका कुठे टेकवायचा, हे सगळं त्याला कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातांवरून कळतं. बोट वर करून फिरवलं की उचल. खाली करून फिरवलं की सोड. दोन्ही हात आडवे ताणले की थांब, मग आभाळ कोसळो, जिथे आहेस तिथे थांब. आणि या धंद्यातला सगळ्यात मोठा नियम असा की उचल म्हणायचा हक्क एकाच माणसाचा, पण थांब म्हणायचा हक्क कोणाचाही. रस्त्याने जाणाऱ्या चहावाल्याने हात पसरले तरी क्रेन थांबलीच पाहिजे. का पसरलेस, हे नंतर विचारायचं.

ताईने या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, परीक्षा दिली होती, आणि तिच्या तुकडीत पहिली आली होती. कामावर रुजू झाली त्या दिवशी अंगावर नवीकोरी केशरी बंडी, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी, असा सगळा थाट करून ती कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. बोट वर केलं, फिरवलं. क्रेन ढिम्म हलली नाही.

क्रेनवाला केबिनमध्ये हाताची घडी घालून बसला होता. "मुकादम," त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ह्या बाई कोण? माझ्या दोरीला लोखंड लटकतंय, खेळणं नाही."

मुकादम म्हणजे साखरेसारखा गोड माणूस. कुणाशी भांडण नको, कुणाचं मन दुखवायला नको, आणि काम तर थांबायलाच नको. ताईला या नोकरीत आणणाराही तोच. वरच्या साहेबांकडे त्यानेच शब्द टाकला होता. तो ताईच्या मागच्या वाळूच्या ढिगावर जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, तू हात दाखव. तुझा हात झाला की मी मागून नुसती मान हलवतो. त्याचंही समाधान होईल, तुझंही काम होईल. थोडे दिवस. एकदा त्याचा विश्वास बसला की झालं."

त्या थोड्या दिवसांची अकरा वर्षं झाली.

सुरुवातीला ताई आतल्या आत धुमसली. घरी जाऊन भांडी आपटली, नवऱ्यावर उगीच खेकसली. पण माणसाला कशाचीही सवय होते हो. पगार वेळेवर येत होता. कुणी वाकडा शब्द बोलत नव्हतं. क्रेनवाला तर पुढे घरच्यासारखा झाला. तिची सासू आजारी पडली तेव्हा आपली गाडी काढून हाच दवाखान्यात घेऊन गेला होता. मग हळूहळू ताईला वाटायला लागलं की मागची मान म्हणजे आपल्या कामाला दुहेरी राखण आहे. "ताईचा हात, मुकादमाची मान," असं सगळे गमतीने म्हणायचे, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने हसायची ती ताईच. टीव्हीवर कुणी बायकांच्या हक्कांबद्दल तावातावाने बोलायला लागलं की ती आवाज कमी करायची. "पुरुषांच्यात उभी राहून काम करते मी. मला नाही बाई कधी या असल्याची गरज पडली," म्हणायची.

हे वाक्य तिच्या लेकीने तोंडपाठ केलं होतं. लेक कॉलेजात होती, बोलण्यात आईला दहा वेळा विकून खाईल अशी. कॉलेजात वादस्पर्धा होती आणि विषय होता, आजच्या समाजात स्त्रीवादाची गरज उरली आहे का? लेकीने बाजू घेतली होती, नाही उरली. आणि पुरावा कोण? तर आई.

"माझी आई क्रेनला नाचवते," आरशासमोर उभी राहून ती सराव करत होती. "तिच्या एका बोटावर टनभर लोखंड वर जातं. तिला कुणी अडवलं नाही, कुणी हिणवलं नाही. ज्या लढाया जिंकून झाल्या, त्या पुन्हा पुन्हा कशाला लढायच्या?"

"वा!" नवरा खुर्चीतून म्हणाला. "एका बोटावर तर ती मलापण नाचवते."

ताई हसली. पण हसता हसता तिला कसंतरीच झालं. टनभर लोखंड नेमकं कोणाच्या बोटावर वर जातं, हे लेकीला सांगावं असं तिच्या मनात आलं, आणि तिने ते मनातच ठेवलं. पोरगी एवढी अभिमानाने बोलतेय, कशाला तिचा विरस करा?

दुसऱ्याच दिवशी ते घडलं.

सकाळची वेळ. सळ्यांचा भारा भिंतीवरून पलीकडे नेऊन खाली सोडायचा होता. ताई कोपऱ्यावर उभी होती. तिथून तिला दोन्ही बाजू दिसत, अलीकडे क्रेन आणि पलीकडे मोकळी जागा. मागे ढिगावर मुकादम. जागा रिकामी होती, ताईने नीट पाहिलं, शिट्टी मारली, बोट खाली करून फिरवलं. मुकादमाने मान हलवली. भारा खाली यायला लागला.

तेवढ्यात प्लंबर आत घुसला. हा प्लंबर म्हणजे सगळ्या साइटचा विदूषक, नकला करून हसवणारा. त्याचं एक हत्यार मघाशी तिथे राहिलं होतं. वर काय चाललंय ते न बघता तो सरळ भाऱ्याखाली आला आणि वाकला.

ताईने दोन्ही हात ताणले. शिट्टी अशी फुंकली की तिचेच कान बधिर झाले. क्रेनवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी पाहिलं की त्याने पाहिलं. आणि मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली.

मागे मुकादम पाठ फिरवून उभा होता. सिमेंटची गाडी चुकीच्या फाटकातून आत आली होती आणि तो ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता.

भारा खाली येतच राहिला. क्रेनवाला मान शोधत होता. ताई हात ताणून उभी होती, शिट्टी तोंडात, ओरडता येत नव्हतं, हात खाली घेता येत नव्हते. प्लंबरने वर पाहिलं, मागे उडी मारली, पाय घसरला आणि तो पडला. भारा त्याच्या डाव्या पायावर टेकला. तो आवाज मी सांगत नाही. ताईला तो पुढे कितीतरी दिवस घरातल्या साध्या आवाजांतही ऐकू यायचा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. बंडी अजून अंगावरच. प्लंबरची बायको धावत आली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. डॉक्टरांनी तिला सांगितलं की जीव वाचलाय, पाय राहील, पण गुडघ्यात वाकेल की नाही सांगता येत नाही. ती बाकावर बसली. मग तिची नजर ताईच्या केशरी बंडीवर गेली.

"तुम्हीच ना त्या?" ती म्हणाली. "इशारा देणाऱ्या? हे नेहमी सांगतात घरी, आमच्याकडे एक ताई आहेत, त्यांचं लक्ष असतं सगळीकडे."

ताईने मान हलवली.

"मग थांबवलं का नाही हो तुम्ही?"

त्या बाईच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. राग असता तर ताईने सोसला असता. थांबवलं होतं म्हणावं, तर मग थांबलं का नाही, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर देताना आपली अकरा वर्षं उघडी पडतात. ती नुसती त्या बाईचा हात धरून बसली.

बाहेर फाटकापाशी मुकादम तिची वाट बघत होता. एका दिवसात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

"उद्या चौकशी आहे," तो म्हणाला. "मोठ्या ऑफिसातून साहेब येतायत. एवढंच विचारतील की थांब केव्हा दाखवला."

"दिसलं ना सगळ्यांना केव्हा दाखवला ते."

"तसं नाही ताई. ऐक जरा." त्याने आजूबाजूला पाहिलं. "तू म्हण, उशीर झाला. ऊन डोळ्यावर आलं म्हण. बाईमाणूस आहेस, तुला सांभाळून घेतील. फार तर स्टोअरमध्ये बसवतील, सावलीत, पंख्याखाली. पगारही तोच. माझी निवृत्ती तोंडावर आलीय. क्रेनवाल्याचं लायसन गेलं तर त्याने करायचं काय? त्याला दुसरं काही येत नाही."

"म्हणजे प्लंबरचा पाय माझ्या नावावर."

"कागदावर गं. नुसता कागदावर. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे ना खरं काय ते."

ताईला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. चार शिव्या हासडल्या की मोकळं. पण ज्याने आपल्याला भाकरीला लावलं, ज्याने अकरा वर्षांत कधी वावगा शब्द काढला नाही, त्याच्याशी भांडायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. "बघते," एवढंच म्हणून ती घरी गेली.

लेक पुन्हा आरशासमोर उभी होती. तिला अपघाताचं कळलं होतं, पण उद्याच्या उद्या भाषण होतं. "माझी आई क्रेनला नाचवते," ती म्हणाली, आणि ताई चपला न काढताच दारात उभी राहून म्हणाली, "माझं नाव काढून टाक त्यातून."

"का? तुझी चूक होती का आई?"

मग ताईने सांगितलं. सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाची हाताची घडी, वाळूचा ढीग, मान, आज सकाळी क्रेनवाल्याची तिच्या खांद्यावरून मागे गेलेली नजर, आणि उद्या चौकशीत काय सांग म्हणून मुकादम विनवत होता तेही. सांगताना तिचा आवाज चढत गेला. नवऱ्याने टीव्ही बंद केला.

लेकीचा चेहरा पांढरा पडला. "अकरा वर्षं? आणि तू मला सांगत होतीस की तुला कधी गरज पडली नाही?"

"मला तसंच वाटत होतं."

"पण त्यांनी त्रास दिला का तुला? शिव्या दिल्या? हात लावला?"

"नाही गं. काही नाही. सगळे चांगलेच वागले. तेच तर." ताई मटकन खाली बसली. "सगळे इतके चांगले वागले की माझा हात म्हणजे नुसती शोभा आहे, हे मलाच कळलं नाही. कळलं असेल, पण मी कळवून घेतलं नाही. जोवर काही बिघडत नव्हतं तोवर चालून जात होतं."

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. "मुकादम म्हणतायत ते काही वाईट नाही. सावलीत काम, पगार तोच. झाकली मूठ राहू दे. कशाला आता सगळ्यांशी वैर?"

"बाबा!" लेक किंचाळली. "आई त्या माणसाचा पाय आपण मोडला म्हणून लिहून देणार?"

"मी आपलं तिच्या भल्याचं सांगतोय. तू मध्ये तोंड घालू नकोस."

"मग मी उद्या काय बोलू?" लेक आता आईकडे वळली होती. ती रडायच्या बेतात होती. "काय बोलू मी तिथे उभी राहून?"

"मला काय विचारतेस?" ताई तिच्यावर खेकसली. "मलाच उद्या काय बोलायचं ते कळत नाहीये!"

लेक आत निघून गेली, नवऱ्याने दिवा घालवला. ताईला मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती, प्लंबरच्या बायकोच्या पायातल्या दोन वेगवेगळ्या चपला.

चौकशी पत्र्याच्या ऑफिसात झाली. मोठ्या ऑफिसातून आलेला साहेब नीटनेटका होता, मृदू बोलणारा. त्याने आधी ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं. "घाबरू नका," तो म्हणाला. "आमच्या कंपनीत स्त्री-पुरुष असा भेद आम्ही करत नाही. जे झालं ते मोकळेपणाने सांगा. थांबाचा इशारा द्यायला उशीर झाला का?"

मुकादम जमिनीकडे बघत होता. क्रेनवाला दाराशी हेल्मेट छातीशी धरून उभा होता.

"नाही," ताई म्हणाली. "उशीर झाला नाही. प्लंबर वाकला तेव्हा माझे हात पसरलेले होते."

मुकादमाने डोळे मिटले. साहेब क्रेनवाल्याकडे वळला. "तुम्हाला इशारा दिसला?"

आणि इथे मी क्रेनवाल्याला मानतो. माणूस खोटारडा नव्हता. "दिसला साहेब," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? ताईंनी हात पसरले होते, शिट्टीही वाजवली. पण मुकादमांची पाठ होती. मान दिसेना. मी वाट पाहिली."

"पण थांब दिसला होता ना?"

"दिसला की. पण ताईंच्या एकटीच्या हातावर मी क्रेन कधी चालवलीच नाही साहेब. थांबवली पण नाही." त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. आज वार कोणता, असं विचारल्यावर सांगावं तसं त्याने सांगितलं.

साहेबाने मान डोलावली. "अच्छा, म्हणजे तुमची तशी पद्धतच पडली होती." मग तो ताईकडे वळला, आणि आता ऐका हं, त्याच मृदू आवाजात म्हणाला, "मग ताई, तुम्ही पटकन मुकादमांचं लक्ष वेधून घ्यायला हवं होतं, नाही का?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकून पत्र्यावर आदळली.

"माझ्यासमोर माणूस भाऱ्याखाली होता साहेब. मी त्याच्याकडे बघू, की मागे वळून मुकादम काय करतायत ते बघू? चहावाल्याने हात पसरले असते तरी क्रेन थांबली असती. विचारा त्यांना. विचारा!"

साहेबाने विचारलं नाही. त्याने क्रेनवाल्याकडे नुसतं पाहिलं आणि क्रेनवाल्याने मान खाली घातली. ते उत्तर खोलीतल्या सगळ्यांना कळलं, बहुतेक क्रेनवाल्यालाही पहिल्यांदाच कळलं. त्याचे कान लाल झाले.

"आणि मीही हे इतकी वर्षं चालवून घेतलं," ताई म्हणाली. "तेही लिहा. पण उशीर झाला असं लिहायचं नाही. ते खोटं आहे."

साहेबाने घाम पुसला. मग त्याने तोडगा काढला. साहेब लोकांकडे तोडगे तयारच असतात. "आपण असं करू. सुरक्षिततेच्या दृष्टीने यापुढे इशारे मुकादमच देतील. म्हणजे गोंधळच नको. ताई, तुम्हाला स्टोअरमध्ये..."

"नाही."

"तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं सगळेच करताहेत साहेब. मी कोपऱ्यावरच उभी राहणार. मागे कोणी नको."

साहेबाने समोरची फाईल मिटली. मग म्हणाला, "क्रेनवाल्याची तयारी आहे का?"

"त्यांना काय विचारता? नियम काय आहे ते विचारा."

शेवटी असं ठरलं की दुपारी वरच्या मजल्यावर सळया चढवायच्या आहेत, तेव्हा बघू. जमलं तर जमलं. नाही जमलं तर स्टोअर. म्हणजे ताईची अकरा वर्षं, तिची परीक्षा, तिचं कोपऱ्यावरचं उभं राहणं, सगळं एका भाऱ्यावर येऊन ठेपलं, आणि तो भारा उचलायचा की नाही, हे केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या मनावर.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. ही बातमी काही लपून राहते होय? गवंडी, सुतार, मजूर, सगळे हातातलं काम टाकून सावली-सावलीला उभे राहिले. साहेब पत्र्याच्या शेडपाशी होता, त्याच्या शेजारी मुकादम. वाळूचा ढीग रिकामा होता.

ताईने जागा पाहिली. भाऱ्यापाशी कोणी नाही, वाटेत कोणी नाही. शिट्टी मारली. बोट वर केलं आणि फिरवलं.

क्रेन हलली नाही.

क्रेनवाल्याचा हात दांड्यावर होता. तो ताईकडे बघत होता, मग ढिगाकडे, मग पुन्हा ताईकडे. हट्टाने नव्हे, हे ताईला दिसत होतं. काल त्याच्या हातून एका माणसाचा पाय मोडला होता. त्याला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं, आणि जी म्हणत होती ती त्याच्या हिशेबात कुणीतरी नव्हती. ताईने बोट फिरवत ठेवलं. दंडाला कळ लागली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तरी तिने तो पुसला नाही.

"ताई," क्रेनवाला खिडकीतून म्हणाला, जवळजवळ विनवणीच्या सुरात. "मुकादमांना बोलवा ना. उगाच कशाला?"

"माझ्याकडे बघा."

"एकदा त्यांनी नुसती मान..."

"माझ्याकडे बघा दादा."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हलवा ना हो मुकादम मान, संपवा एकदाचं." दोघं-तिघं हसले. हसणं लगेच विरलं. मुकादम शेडच्या सावलीतून दोन पावलं पुढे आला. क्रेनवाल्याची नजर लगेच त्याच्यावर खिळली. आता एक मान हलली की सगळं सुटणार होतं. भारा वर जाणार, साहेब मोकळा, क्रेनवाला मोकळा, आणि उद्यापासून ताई कोपऱ्यावर, मुकादम ढिगावर.

ताईने मागे वळून पाहिलं नाही. पण तिला क्रेनवाल्याच्या नजरेवरून कळलं मुकादम कुठे आलाय ते. इतकी वर्षं हेच तर वाचत आली होती ती.

"मुकादम," ती मोठ्याने म्हणाली. बोट वरच होतं, आवाज फाटला होता. "तुम्ही मला इथे आणलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण आता मान हलवलीत तर मी ही शिट्टी इथेच टाकून जाते."

मुकादम उभा राहिला. या माणसाने आयुष्यात कुणालाच नाराज केलं नव्हतं, आणि आज काहीही केलं तरी कोणीतरी नाराज होणारच होतं. त्याने हेल्मेट काढलं. घामाने चिकटलेले पांढरे केस मागे सारले. मग तो सावकाश वळला, क्रेनकडे आणि ताईकडे पाठ करून, पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

क्रेनवाल्याने त्या पाठीकडे पाहिलं. पाहतच राहिला. मग त्याला दुसरं बघायला काही उरलं नाही आणि तो ताईकडे वळला.

इंजिनाचा आवाज चढला. दोरी ताणली गेली. भारा जमिनीवरून सुटला, थोडा डोलला, ताईच्या बोटाच्या मागे मागे वर जायला लागला. गर्दीतून कुणी टाळी वाजवली, कुणी "शाब्बास ताई" म्हणालं. साहेबाने सुटकेचा श्वास टाकला आणि खिशातून फोन काढला. जमलं, असं तो कुणालातरी सांगायला लागला.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला ते आवडलं नव्हतं. उचल म्हटल्यावर उचललं, ठीक आहे. पण कालचा माणूस उचल न ऐकल्याने पडला नव्हता, थांब न ऐकल्याने पडला होता.

भारा पहिल्या मजल्याच्या वर गेला, आणि ताईने दोन्ही हात आडवे ताणले.

क्रेन जागच्या जागी थांबली.

टाळ्या थांबल्या. साहेबाचा फोन कानावरच राहिला. सगळ्यांनी माना वळवून भाऱ्याखाली पाहिलं. खाली मोकळी जमीन होती. कुणी नव्हतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. लोखंड हवेत लटकत होतं आणि ताई हात पसरून उभी होती.

क्रेनवाल्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "ताई, काय झालं? खाली तर कोणीच नाहीये!"

"माहितीये मला," ताई म्हणाली. "मी थांब म्हटलंय."